मादी दर वेळी अंडी गिळते? आधी दिवस मोजा, मग पाणी तपासा

तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिड या शोभेच्या माशांच्या बाबतीत एकच तक्रार पुन्हापुन्हा येते. मादी अंडी धरते, चार-सहा दिवस सगळं ठीक चाललेलं असतं आणि एका सकाळी तिचं तोंड रिकामं असतं. इतर माशांबरोबर तीही दाण्यावर तुटून पडलेली दिसते. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. यलो लॅब, डेमासोनी, रेड झेब्रा, ऑरेटस, पीकॉक या आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या माशांना खालच्या सगळ्या तपासण्या लागू आहेत. कोकणात राहून हे मासे ठेवणाऱ्यांना दोन गोष्टी जास्त नडतात, जांभ्यातलं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं पाणी आणि मे ते जुलै हा काळ. त्यामुळे या दोन्हींवर इथे जास्त लिहिलं आहे.

मादी बदलण्याआधी, औषध टाकण्याआधी एक काम करा. अंडी धरल्याचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तोंड रिकामं झाल्याचा दिवसही लिहा. या दोन तारखांमधलं अंतर बहुतेक वेळा कारण सांगून टाकतं.

लक्षणं

२६ अंश सेल्सिअसला मलावीच्या माशांची अंडी साधारण पाच ते सात दिवसांत फुटतात. पिल्लं पोटाला चिकटलेला बलक संपेपर्यंत आईच्या तोंडातच राहतात आणि एकविसाव्या ते पंचविसाव्या दिवशी बाहेर पडतात. पाणी २८-२९ अंश असेल तर अठरा-एकोणीस दिवसांतही सुटतात.

पहिल्या ते चौथ्या दिवसात अंडी गेली, तर ती बहुधा फळलेलीच नव्हती. न फळलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी धरते आणि मादी ते गिळते किंवा टाकून देते. फिल्टरच्या स्पंजवर दुधी पांढरा, कडेला कापसासारखे तंतू आलेला दाणा सापडला तर खात्रीच समजा. पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा अंडी धरणाऱ्या तरुण माद्याही याच टप्प्यावर सोडून देतात.

पाचव्या ते दहाव्या दिवशी गेली, तर पाण्यात अचानक बदल, लाइट जाणं, पाठलाग किंवा मादी आधीच वाळलेली असणं यांपैकी काहीतरी आहे.

बाराव्या दिवसानंतर बलकासकट पिल्लं टाकली, तर मादी घाबरली, जाळ्याने पकडली गेली किंवा पाण्यात प्राणवायू कमी पडला.

वीस-बावीस दिवस पुरे धरलं आणि एकही पिल्लू दिसलं नाही, तर उबवण व्यवस्थित झाली आहे. पिल्लं मोठ्या टाकीत सुटली आणि बाकीच्यांनी खाल्ली. इथे पाणी तपासत बसू नका, मादी हलवण्याबद्दलचा भाग थेट वाचा.

आणखी एक शक्यता असते, मादीने अंडी धरलेलीच नसतात. टाकीचा दिवा बंद ठेवून खोलीच्या मंद उजेडात तिला बाजूने बघा. अंडी धरलेल्या मादीचा खालचा जबडा उतरलेला असतो, तोंड पूर्ण मिटत नाही, बारीक फट राहते. थोड्या-थोड्या वेळाने ती चूळ भरल्यासारखा जबडा हलवते. त्या क्षणी पातळ त्वचेआडून पिवळसर-केशरी दाणे सरकताना दिसतात. तिचं पोट मात्र सपाट असतं. याउलट पोट फुगलेलं, श्वास जोरात, विष्ठा पांढरी आणि दोरीसारखी लांब असेल, तर तो ब्लोट नावाचा आजार आहे. त्याचं शेवटच्या भागात बघू.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिलं काम म्हणजे तिला एकटं सोडा. काचेवर टकटक, मोबाइलचा फ्लॅश, दर तासाला येऊन वाकून बघणं, दगड हलवून तिला शोधणं, हे सगळं बंद. तरुण मादीला तीन-चार वेळा संधी द्यावीच लागते. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या म्हणून काहीही बदलू नका, नाहीतर नक्की कशाचा उपयोग झाला ते कधीच कळणार नाही.

टाकीच्या दिव्याचं बटण बघा. पावसाळ्यात रात्री लाइट जाते आणि दोन-अडीच वाजता परत येते. बटण चालू राहिलेलं असेल तर गडद अंधारात एकदम लखलखाट होतो, सगळे मासे उधळतात आणि मादी तोंडातलं टाकते. रात्री दिवा बटणानेच बंद करा, लाइट गेलेली असतानाही.

खाणं अर्ध्यावर आणा. मादी तीन आठवडे उपाशी राहू शकते, तिची काळजी नको. पण दिवसातून तीनदा दाणे पडत राहिले तर काही माद्यांना मोह आवरत नाही. त्या दाणा घेतात आणि त्याच घासाबरोबर दोन-चार अंडी गिळतात. बाकीच्यांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच द्या.

नर-मादी मोजा. एका नराला किमान तीन माद्या हव्यात, चार असतील तर उत्तम. एकच मादी असली की नर तिच्यामागे दिवसभर लागतो आणि ती अंडी धरून लपूही शकत नाही. एकाच जातीचे दोन तगडे नर छोट्या टाकीत असले तर अडचण वेगळी असते. अंडी घालण्याच्या वेळी दुसरा नर मध्ये घुसतो, जोडी उधळते आणि निम्मी अंडी न फळताच तोंडात जातात. पहिल्या-चौथ्या दिवसाच्या तक्रारीमागे हे कारण पुष्कळदा असतं.

नर म्हणून जो ठेवला आहे तो खरंच नर आहे का, हेही बघा. गुदपरावरचे (पोटाखालच्या मागच्या परावरचे) पिवळे ठिपके बघून लोक नर ठरवतात, पण अनेक जातींच्या माद्यांनाही ते असतात. यलो लॅबमध्ये तर नर-मादी रंगाने जवळजवळ सारखेच. मासा ओल्या हातात क्षणभर उलटा धरून पोटाखालची दोन छिद्रं बघावी लागतात. दोन्ही साधारण सारखी असतील तर नर, मागचं छिद्र स्पष्ट मोठं असेल तर मादी. दोन माद्याही एकमेकींबरोबर गोल फिरून अंडी घालतात आणि तोंडात धरतात. तशा अंड्यांचं चौथ्या दिवसापर्यंत काहीच उरत नाही.

अंडी घालायची जागा कुठे आहे? या माशांना सपाट दगड किंवा वाळूतला खळगा लागतो. नर गुदपर पसरून ठिपके दाखवतो, मादी त्यांना अंडी समजून टिपायला जाते आणि तेव्हाच नराचं बीज तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. फिल्टरचा झोत नेमका त्या दगडावर असेल तर बीज वाहून जातं. झोत दुसरीकडे वळवा. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा हातभर तुकडा मिळाला तर तो मेणचट बाजू खाली, खडबडीत बाजू वर करून ठेवा.

सोबतच्या माशांवरही नजर टाका. तळाशी फिरणारे कॅटफिश अंडी घालण्याच्या वेळी सांडलेली अंडी खातात. टांगानिका सरोवरातला कुक्कू कॅटफिश त्याहून पुढे जातो. तो सिक्लिडच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो आणि त्याची पिल्लं आईच्या तोंडातच सिक्लिडची पिल्लं खाऊन टाकतात. हा ठिपक्याठिपक्यांचा सायनोडोन्टिस हौसेने आणला असेल तर तो आधी वेगळा करा.

तापमान

काचेवर चिकटवायची पट्टी नको. पाण्यात बुडणारा साधा काचेचा थर्मामीटर शंभरेक रुपयांच्या आत मिळतो. आठवडाभर सकाळी सहा आणि दुपारी तीन, दोन्ही वेळेला नोंद करा. २५ ते २७ अंश हवं. दोन नोंदींत दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच थांबा आणि आधी ते दुरुस्त करा.

मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरात, विशेषतः पत्र्याखाली, टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं. २६ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि मादीला स्वतःबरोबर तोंडातल्या पंचवीस-तीस जिवांनाही तो पुरवायचा असतो. तो पुरत नाही तेव्हा ती बोजा टाकते.

पंखा लावून पाणी थंड करण्याचा उपाय कोरड्या हवेत चांगला चालतो. आपल्याकडे मे महिन्यातली दमट हवा वाफ घेतच नाही, त्यामुळे एखाद-दीड अंशापेक्षा जास्त फरक पडत नाही. तरी झाकण काढून जाळी टाका, एक जादा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. बर्फाच्या बाटल्या टाकून दुपारी ३२ वरून २७ वर आणू नका, तासात एक अंशाहून जास्त घसरण मादीला सोसत नाही. एसी नसेल तर सरळ एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत नर वेगळा ठेवा आणि माद्यांना विश्रांती द्या. पुढची खेप चांगली होते.

पाणी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ घाला.

मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ७.७ ते ८.६ आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) साधारण ६ ते ८ असतो. जांभ्याच्या जमिनीत चुनखडी जवळजवळ नसते. त्यामुळे आपल्या विहिरीचं पाणी प्यायला गोड असलं तरी अनेक ठिकाणी त्याचा केएच जेमतेम १ ते ३ आणि पीएच ७ च्या खाली असतो. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली की तो आणखी उतरतो. पागोळ्यांचं पाणी टाकीत घालणाऱ्यांनी तर केएच शून्य धरूनच चालावं.

केएच कमी असण्यातला खरा धोका असा. पाण्यात तयार होणारं आम्ल झेलण्याचं काम केएच करतो. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया पचवताना तो सतत खर्च करत असतात. तो संपला की पीएच एकदम कोसळतो, जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठतो. जुलैच्या एखाद्या रविवारी तुम्ही विहिरीचं ताजं पाणी अर्धी टाकी भरून बदललंत की दोन दिवसांत हे सगळं एकापाठोपाठ घडतं, आणि मादी सहाव्या-सातव्या दिवशी रिकामी दिसते.

थेंबांचं केएच टेस्ट किट आणा. एकदाचा खर्च आहे, पण या छंदात त्याच्याइतका उपयोगी पैसा दुसरा नाही. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेले सगळेच क्षार एकत्र मोजतो. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, मीटर ४००-५०० दाखवतो आणि माणूस खूश होतो की पाणी जड झालं. ते समुद्राचं मीठ असतं. त्याने केएच वाढत नाही.

समुद्राचं पाणी थोडं-थोडं मिसळण्याचा सल्ला किनाऱ्यावर हमखास मिळतो. तो ऐकू नका. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा केएच स्वतःच ६ ते ८ असतो. शंभर लिटरच्या टाकीत लिटरभर टाकलं तर मीठ वाढेल, केएच जागचा हलणार नाही. मलावी हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे.

उपाय घरात आहे. तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले वीस मिनिटं उकळा, आतला चिकटलेला मांसाचा अंश खरवडून काढा, चार-पाच उन्हं दाखवा. मग दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करा. पीठ करू नका, फिल्टर तुंबतो. १०० लिटरला ३०० ते ४०० ग्रॅम तुकडे कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून फिल्टरमध्ये, वाहत्या पाण्यात ठेवा. शिंपल्यांचं कॅल्शियम कार्बोनेट पाणी आम्लाकडे झुकलं की विरघळतं आणि पीएच ७.६-७.८ च्या पुढे गेला की थांबतं, म्हणून जास्त झालं अशी भीती नाही. महिन्यातून एकदा पिशवी टाकीच्याच पाण्यात खळबळून काढा, तुकड्यांवर बुळबुळीत थर बसला की विरघळणं बंद होतं.

पण शिंपले सावकाश काम करतात. बदलायचं नवं पाणी आधीच तयार करावं लागतं. त्यासाठी खाण्याचा सोडा वापरा. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच साधारण १ ने वाढतो. उदाहरणार्थ, २०० लिटरच्या टाकीत ५० लिटर पाणी बदलायचं आहे, विहिरीचा केएच २ आहे आणि टाकीचा ७. वाढवायचे आहेत ५. ५० लिटरला १ साठी दीड ग्रॅम, म्हणजे एकूण साडेसात ग्रॅम, सपाट दीड चहाचा चमचा. बादलीत पूर्ण विरघळवून, रात्रभर एअर स्टोन चालवून मगच घाला. जीएचही (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) कमी असेल तर औषधाच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट १०० लिटरला साधारण साडेचार ग्रॅम घातलं की जीएच १ ने वाढतो.

खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा, बेकिंग पावडर किंवा पानाला लावायचा चुना वापरू नका. धुण्याचा सोडा आणि चुना पीएच काही मिनिटांत कुठल्या कुठे नेतात, बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतं.

टाकीचाच केएच कमी निघाला तर दिवसाला १ पेक्षा जास्त वाढवू नका, आणि त्याआधी अमोनिया तपासा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. २७ अंशांना पीएच ८.२ झाला की तोच भाग नऊ-दहा टक्क्यांवर जातो. म्हणजे अमोनिया असलेल्या टाकीत सोडा टाकणं म्हणजे विष पंधरापट तीव्र करणं. आधी दोन-तीन दिवस थोडं-थोडं पाणी बदलून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आणा, मग केएच उचला. या बदलांचं पाणी टाकीच्याच केएचचं हवं. नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली ठेवा.

नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरिन. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरींतही टीसीएल ही क्लोरिनची पावडर टाकते, त्यामुळे विहिरीचं पाणी म्हणजे क्लोरिनमुक्त हे गृहीत धरू नका. वास घ्या, आणि चोवीस तास एअर स्टोन लावून ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला एक ग्रॅम पुरेसा होतो.

जांभ्याचे दगड टाकीत सुंदर दिसतात, पण त्यांनी केएच वाढत नाही आणि ठिसूळ कडा माशांना खरचटतात. काळा दगड बरा. रत्नागिरीच्या काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवरची काळी वाळूही नको. त्यातले लोहयुक्त कण पंपाच्या चुंबकाला चिकटून इम्पेलर (आतलं फिरतं चाक) झिजवतात.

लाइट जाण्याची तयारी

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तसं दर वर्षी होत नाही, पण जून-जुलैत सात-आठ तास लाइट जाणं नेहमीचंच. मादी अंडी धरून असेल तर हे तास निर्णायक ठरतात.

बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात हवाच. त्याहून चांगलं म्हणजे मोठ्या टाकीतही एक स्पंज फिल्टर कायम ठेवा. त्याचा एअर पंप चार-पाच वॅट घेतो, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर लाइट आल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी प्राणवायूविना सडलेलं असतं. ते ओतून द्या, आतलं गाळायचं माध्यम टाकीच्या पाण्यात हलकं खळबळा, मग जोडा. लाइट नसताना दाणे मुळीच टाकू नका.

मादीची तब्येत आणि आहार

दर महिन्याला अंडी धरणारी मादी वर्षभरात वाळून जाते. डोकं मोठं, पाठ बारीक दिसायला लागली की ती पुढची खेप पुरी करणार नाही. पिल्लं सुटल्यावर तिला निदान दोन आठवडे वेगळं ठेवून खाऊ घाला, आणि दोन खेपांत सहा आठवड्यांचं अंतर पाडा.

यलो लॅब आणि पीकॉक सोडले तर मलावीच्या खडकांवरचे हे मासे मुख्यतः शेवाळ खरवडून खाणारे आहेत. स्पिरुलिनाचे दाणे रोज, आठवड्यातून एकदा उकडून सालं काढलेले मटार. घरात सुकट-जवळा असतो म्हणून तो रोज टाकण्याचा मोह होतो. पीकॉकना तो दोन तास भिजवून, मीठ-वाळू धुऊन, आठवड्यातून एकदा चालतो. डेमासोनी, ऑरेटस यांना नको, जड प्रथिनांनी त्यांना ब्लोट होतो.

मादी हलवणं

पाणी, तापमान, जोड्या सगळं ठीक असूनही मोठ्या टाकीत पिल्लं वाचत नसतील तर मादी वेगळी करावी लागते. दहाव्या दिवसाआधी हात लावू नका. पंधराव्या ते अठराव्या दिवसात हलवा, तेव्हा पिल्लं पोहण्याच्या बेतात असतात आणि चुकून टाकली तरी वाचतात.

४० ते ६० लिटरची टाकी, चालू टाकीत महिनाभर मुरलेला स्पंज फिल्टर, त्याच टाकीचं पाणी आणि आडोशाला दोन-तीन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे. रात्री दिवे घालवून दीड तासाने हलवा. आधी दगड काढा, मग एका हातातल्या जाळ्याने तिला दुसऱ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या डब्यात वळवा. जाळ्यात उचलू नका. जाळीत अडकली की ती तडफडते आणि तोंड उघडते.

पिल्लं सुटल्यावर मादीला लगेच नराकडे सोडू नका. पिल्लांना पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाची ताजी पिल्लं किंवा बोटात चुरलेला स्पिरुलिना दिवसातून चार-पाच वेळा, अगदी चिमूटभर. जास्त झालेली पिल्लं ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी हीसुद्धा तोंडातच उबवते, आणि तिने आपल्या पाणवठ्यांत किती जागा बळकावली ते डोळ्यांसमोर आहे.

अंडी काढून घेणं

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शेवटचा मार्ग. तोंडातली पिल्लं हाताने काढायची तर पंधराव्या दिवसानंतरच. हात ओले, मादीचं डोकं खाली, खालचा जबडा पाण्यात बुडालेला. कापसाच्या काडीचं बोथट टोक ओठांत हलकेच घालून जबडा उघडा ठेवा आणि तिला पाण्यात पुढे-मागे हलवा. पिल्लं आपोआप गळतात. पोट किंवा गाल दाबायचे नाहीत. अर्ध्या मिनिटात जमलं नाही तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी बघा. जबडा निखळला तर मादी पुन्हा नीट खाऊ शकत नाही.

दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गिळणारी, पण फळलेली अंडी धरणारी मादी असेल तर पहिल्याच दिवशी अंडी काढून टंबलरमध्ये, म्हणजे अंडी हलती ठेवणाऱ्या नळीत, ठेवता येतात. तळातून संथ वर येणाऱ्या पाण्यात अंडी जागच्या जागी अलगद लोळली पाहिजेत. उसळत असतील तर हवा कमी करा, आपटून फुटतात. मिथिलिन ब्ल्यू हे बुरशीवरचं औषध पाणी फिकट आकाशी होईल इतकंच, आणि ते वेगळ्या भांड्यातच, मुख्य टाकीत नाही, कारण ते फिल्टरचे जिवाणू मारतं. पांढरी अंडी रोज ड्रॉपरने काढा. निम्म्याहून जास्त पांढरी होत असतील तर दोष मादीचा नाही, नराकडे आणि पाण्याकडे परत जा.

थांबा, आणि जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या तर हात काढा, घराचा मेन स्विच पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत काहीही चालू करू नका. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना आणि बोर्डातले जोड गंजतात, हीटरची काच तडकलेली असू शकते. अर्थिंग तपासून घ्या आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यायची, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, किंवा अमोनिया विहिरीतच सापडत असेल, तर टाकीचा विचार नंतर. ते पाणी घरातले लोक पितात. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या.

पोट फुगलेले, पांढरी विष्ठा टाकणारे, खाणं सोडलेले मासे दिसले किंवा एका दिवसात दोन-तीन मेले, तर प्रजनन थांबवा. दुकानातून मिळेल ते अँटिबायोटिक टाकू नका. फिल्टर मरतो आणि आजार ओळखणंही अवघड होतं. मासे हाताळणारा पशुवैद्य किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा. जाताना आजारी पण जिवंत मासा एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा भरलेल्या पिशवीत, टाकीचं लिटरभर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत आणि कॅलेंडरवरच्या नोंदी बरोबर न्या. मेलेला मासा काही तासांत सडतो, त्यावरून फारसं काही सांगता येत नाही. न्यायचाच असेल तर बर्फावर ठेवून न्या, फ्रीझरमध्ये गोठवून नाही.